हजरत उमर आणि मांसाची सवय

रमजानच्या रात्री मशिदींमध्ये तरावीहची विशेष नमाज होते. एका इमामामागे ओळीने उभे राहून ती पढण्याची घडी बसवली इस्लामचे दुसरे खलिफा हजरत उमर (रजि.) यांनी. त्याआधी मदिनेच्या मशिदीत कुणी एकटा, तर कुणी चार-पाच जणांच्या घोळक्यात पढत असे. उमर यांनी उबई इब्न काब यांना पुढे उभे केले आणि सगळ्यांना एकत्र आणले. ही हकीकत बहुतेक मुस्लिम घरांत ठाऊक असते. याच उमर यांनी मांसाच्या सवयीबद्दल काय बजावले होते, तो विषय मात्र इफ्तारच्या दस्तरखानावर सहसा निघत नाही!

त्यांचा जन्म मक्केच्या कुरैश जमातीतला, साधारण इ.स. ५८४ चा. लहानपणी वडिलांचे उंट चारले, पुढे व्यापार केला, उकाजच्या जत्रेत कुस्त्या खेळले. लिहिता-वाचता येणाऱ्या मोजक्या कुरैशांपैकी ते एक. सुरुवातीला पैगंबरांचे कट्टर विरोधक, मग तितकेच निष्ठावंत सोबती. ६३४ मध्ये खलिफा झाले तेव्हा वय पन्नाशीचे. पुढच्या दहा वर्षांत सीरिया, इराक, इजिप्त त्यांच्या अमलाखाली आले. खजिना भरत होता, पण खलिफांच्या अंगावरचा अंगरखा ठिगळांचाच राहिला. जेवणात भाकरी आणि जैतुनाचे तेल, कधी दूध, कधी वाळवलेले मांस. ताजे मांस त्याहून कमी.

ते शाकाहारी नव्हते, हे स्पष्ट सांगायला हवे. मांस हलाल आहे, याबद्दल त्यांना कधी शंका नव्हती. त्यांचा आक्षेप होता तो चटकेला. मांसाचीही दारूसारखी चटक लागते, तेव्हा त्यापासून जपून राहा, असे ते लोकांना बजावत. इमाम मालिक यांच्या ‘मुवत्ता’ या आठव्या शतकातील हदीससंग्रहात हे नोंदलेले आहे. दारू निषिद्ध मानणाऱ्या समाजात ही तुलना किती झोंबली असेल, याचा अंदाज करता येतो.

त्याच ग्रंथात आणखी एक प्रसंग आहे. पैगंबरांचे एक सोबती जाबिर इब्न अब्दुल्ला मांस घेऊन घरी निघाले होते. खलिफांनी विचारले, हे काय? खाण्याची इच्छा झाली म्हणून एका दिरहमचे मांस घेतले, असे जाबिर यांनी सांगितले. त्यावर शेजारी आणि चुलतभाऊ यांना वगळून फक्त स्वतःचे पोट भरायचे आहे का, असा उलटा सवाल उमर यांनी केला. जाबिर यांनी चोरी केली नव्हती की उधळपट्टी केली नव्हती. तरीही त्यांना शेजारी आठवून दिला गेला. मदिनेतल्या खाटिकखान्याजवळ जाऊन, लागोपाठ दोन दिवस मांस नेणाऱ्याला उमर हटकत, अशीही हकीकत सांगितली जाते.

आज डॉक्टर वेगळ्या वाटेने तिथेच येतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये लाल मांसाला बहुधा कर्करोगकारक, तर सॉसेज-सलामीसारख्या प्रक्रिया केलेल्या मांसाला निश्चित कर्करोगकारक ठरवले. लाल मांस खायचेच तर आठवड्याला शिजवलेले ३५० ते ५०० ग्रॅमपेक्षा जास्त नको, असा वर्ल्ड कॅन्सर रिसर्च फंडचा सल्ला आहे. दिवसभराच्या रोजानंतर रोज संध्याकाळी मटण खाणाऱ्याचा हा हिशेब दोन-तीन दिवसांतच संपतो. उमर यांच्यापुढे अर्थात कोलेस्टेरॉलचे आकडे नव्हते. त्यांच्यापुढे माणसे होती, आणि त्यांची खरी कसोटी लागली ती दुष्काळात.

हिजरी सन १८, म्हणजे इ.स. ६३९. अरबस्तानात पाऊस पडला नाही, जमीन राखेसारखी काळी पडली. त्यावरून त्या वर्षाला ‘राखेचे वर्ष’ असे नाव पडले. वाळवंटातल्या टोळ्या मदिनेभोवती येऊन राहिल्या. उमर यांनी सीरिया-इराककडून धान्याचे तांडे मागवले, सार्वजनिक चुली पेटवल्या, जकातीची वसुली पुढे ढकलली, चोरीची शिक्षा स्थगित केली. एकदा ते एका बदाऊनबरोबर तुपात कुस्करलेली भाकरी खात होते. तो ताटाच्या कडेचे तूपही अधाशासारखे निपटत होता. विचारल्यावर कळले, त्याने कित्येक दिवसांत तूप पाहिलेच नव्हते. लोकांना पुन्हा बरे दिवस येईपर्यंत मांस आणि तूप चाखणार नाही, अशी शपथ उमर यांनी तेव्हा घेतली.

ती त्यांनी पाळली. लोकांसाठी उंट कापला गेला, तेव्हा आचाऱ्यांनी वशिंड आणि काळीज खलिफांसाठी बाजूला काढले. चांगले तुकडे आपण खायचे आणि लोकांना हाडे द्यायची, हा कसला कारभारी, असे म्हणत त्यांनी ते ताट एका गरजू कुटुंबाकडे पाठवले आणि स्वतः तेल-भाकरी मागवली. बाजारात तूप-दूध पुन्हा दिसू लागले, तेव्हा सेवकाने चाळीस दिरहमांना ते विकत आणले. इतके महाग अन्न नको म्हणून तेही दान झाले. लोकांना जे सोसावे लागते ते मला सोसावे लागले नाही, तर त्यांची काळजी मला कशी वाटेल, असा त्यांचा प्रश्न होता. रोजच्या तेलाने पोट गुरगुरे. त्यावर बोटे आपटत ते पोटालाच दटावत, की लोक सावरेपर्यंत तुला दुसरे काही मिळणार नाही. गोरा रंग काळवंडला. दुष्काळ हटला नसता तर काळजीनेच ते गेले असते, असे जवळची माणसे पुढे सांगत.

अखेर पैगंबरांचे चुलते अब्बास यांना सोबत घेऊन उमर यांनी पावसासाठी प्रार्थना केली आणि पाऊस आला. बाहेरून आलेल्या टोळ्यांना वाटखर्च देऊन त्यांच्या मुलखात परत पाठवण्यात आले.

त्यानंतर पाच वर्षांनी, नोव्हेंबर ६४४ मध्ये, पहाटेच्या नमाजेत त्यांच्यावर खंजिराचे वार झाले. मृत्यूपूर्वी त्यांनी मुलाला आपल्या कर्जाचा हिशेब करायला लावला. तो सुमारे ८६ हजार दिरहम निघाला. घरची मालमत्ता विकून ते आधी फेडावे, असे सांगून त्यांनी डोळे मिटले. मदिनेत पैगंबरांच्या शेजारीच त्यांची कबर आहे.