सरस्वतीचे राजोपासक : तंजावरचे सरफोजीराजे

तंजावरच्या भोसले कुळातील दुसरे सरफोजीराजे यांचा जन्म इ. स. १७७७ मध्ये झाला. तुळजाराजे यांनी १७८७ मध्ये त्यांस दत्तक घेतले. परंतु तुळजाराजे लवकरच निवर्तले आणि गादी अमरसिंहांकडे गेली. त्या विपत्काळात जर्मन धर्मोपदेशक श्वार्ट्झ यांनी बालराजांचे रक्षण व शिक्षण केले. १७९८ मध्ये सरफोजी गादीवर आले खरे. पण पुढच्याच वर्षी कंपनी सरकारशी झालेल्या तहाने मुलुखाचा कारभार गेला. किल्ला, उत्पन्नाचा काही अंश आणि राजपदाचा मान एवढेच त्यांच्या हाती उरले.

राज्य गेलेल्या पुरुषाचे आयुष्य बहुधा खेदात वा विलासात सरते. सरफोजींनी आपले द्रव्य आणि चित्त विद्येच्या सेवेस वाहिले. नायक राजांच्या काळापासून चालत आलेल्या राजवाड्यातील ग्रंथसंग्रहास त्यांनी थोर रूप दिले. ताडपत्र कितीही जपले तरी कीड व दमट हवा यांपुढे ते अखेर हरते. ग्रंथ टिकतो तो नव्या प्रतीमुळे, आणि प्रत शुद्ध होते ती जाणत्या शास्त्र्यामुळे. हे मर्म ओळखून त्यांनी पंडित व लेखक पदरी ठेवले आणि संस्कृत, तमिळ, तेलुगू व मराठी ग्रंथ जमवून त्यांच्या प्रती करविल्या. १८२० च्या सुमारास काशीयात्रेस निघाले असताही त्यांची दृष्टी पोथ्यांवरच होती. तेथून त्यांनी पुष्कळ हस्तलिखिते आणविली. युरोपीय भाषांतील छापील ग्रंथही त्यांनी आवडीने संग्रही ठेवले. धन्वंतरी महालात औषधींची परीक्षा होई, आणि राजवाड्यातील देवनागरी छापखान्यातून पुस्तके निघत. बृहदीश्वराच्या देवालयात १८०३ मध्ये कोरविलेला भोसले वंशाचा विस्तृत मराठी शिलालेख त्यांच्याच आज्ञेचे फळ होय.

समर्थ संप्रदायाचे मठ तंजावर प्रांती पूर्वीच स्थिरावले होते. त्या परंपरेतील संतांच्या मराठी रचनाही या संग्रहात सुरक्षित राहिल्या, हे भाविकांनी विशेष ध्यानी घ्यावे.

१८३२ मध्ये सरफोजीराजे कैलासवासी झाले. १८५५ मध्ये त्यांचे पुत्र शिवाजीराजे पुरुष वारस न ठेवता निवर्तले आणि कंपनीने संस्थान खालसा केले. ग्रंथ मात्र राहिले. १८८० मध्ये बर्नेल यांनी केलेली तेथील संस्कृत ग्रंथांची सूची प्रसिद्ध झाली, आणि १९१८ मध्ये सरस्वती महाल सर्वांसाठी खुला झाला. आज अभ्यासक तेथे दूरदूरून येतात.

ज्यांनी राज्य घेतले त्यांची सत्ताही कालौघात लयास गेली. शास्त्र्यांनी उतरून ठेवलेली अक्षरे उरली. मठातील पोथीस गंधफूल वाहणे ही भक्तीच होय. परंतु ती वाचणाऱ्यास आणि तिची नवी प्रत करणाऱ्यास आश्रय देणे, ही त्या भक्तीची पूर्तता होय.