बिनोदबाबूंच्या भिंती

महाविद्यालयाच्या ऑफिसात फी भरण्यासाठी तास-दीड तास रांगेत उभे राहण्याचा योग आपणा सर्वांनाच येतो. यंदा जूनमध्ये मीही अशीच उभी होते. दुसरे काही करण्यासारखे नव्हते म्हणून भिंती पाहात राहिले. एकीकडे बँकेचे कॅलेंडर, शेजारी परीक्षेच्या सूचना, खिळ्याला अडकवलेली जुन्या पावत्यांची तार. टेबलांमागे बसणारी मंडळी दहा-दहा, वीस-वीस वर्षे रोज हेच पाहात असतील, असे मनात आले. माणूस ज्या भिंतींमध्ये आपले निम्मे आयुष्य काढतो त्या इतक्या मुक्या का असाव्यात?

त्याच आठवड्यात ग्रंथालयातल्या एका जुन्या पुस्तकात बिनोदबिहारी मुखर्जी यांच्या भित्तिचित्रांची छायाचित्रे पाहायला मिळाली. बिनोदबाबूंनी आपली सर्वांत मोठी चित्रे कुणाच्या दिवाणखान्यासाठी काढलेली नाहीत. माणसे जिथे झोपतात, चढउतार करतात, वाचतात, शिकवतात, अशा जागी ती काढली. वसतिगृहाचे छत, जिन्याची भिंत, हिंदी विभागाची इमारत. आणि काढणाऱ्याला एका डोळ्याने मुळीच दिसत नव्हते. दुसऱ्याने दिसे ते अगदी जवळचे तेवढेच.

त्यांचा जन्म ७ फेब्रुवारी १९०४ रोजी कलकत्त्यातील बेहाला येथे झाला. घर सुशिक्षित होते, थोरल्या भावांपैकी एक डॉक्टर. पण या मुलाची दृष्टी जन्मतःच अधू, त्यामुळे शाळा कधी नियमित झाली नाही. १९१७ साली ते शांतिनिकेतनात आले. १९१९ साली तिथे कलाभवन सुरू झाले आणि पहिल्या विद्यार्थ्यांत त्यांचे नाव लागले. नाव लागले असे मी सहज लिहून गेले, पण ते सहज लागले नव्हते. नंदलाल बसू हे थोर चित्रकार आणि थोर गुरू. त्यांनाच शंका आली. चित्रकला हा डोळ्यांचा धंदा, या मुलाने त्यात पडून काय करायचे? गोष्ट रवींद्रनाथांपर्यंत गेली. मुलगा नेमाने आणि मन लावून काम करतो की नाही, एवढेच त्यांनी विचारले. करत असेल तर त्याला त्याच्या जागेवरून उठवू नये, पुढचे पुढे पाहता येईल, असा त्यांचा निवाडा होता.

हा प्रसंग वाचताना मला पुस्तक मिटून ठेवावे लागले. माझ्या धाकट्या भावाच्या डाव्या डोळ्यात लहानपणी उसाचे पाते गेले आणि तो डोळा गेला. उजवाही कमजोर आहे. पण त्याला कोळसा मिळो की गेरू, तो चित्र काढल्याशिवाय राहात नाही. शाळेत एलिमेंटरी ड्रॉइंगच्या परीक्षेचे फॉर्म भरले जात होते तेव्हा त्याचा फॉर्म घेतला गेला नाही. कुणी रागावले नाही. उलट मायेनेच सांगितले, की डोळ्याला उगाच ताण कशाला. माझ्या आईवडिलांना अक्षरओळख नाही. मास्तर म्हणतात म्हणजे बरोबरच असणार, असे म्हणून वडील घरी परत आले. तेव्हा मी नववीत होते आणि मलाही ते बरोबरच वाटले. रवींद्रनाथांनी विचारला तो साधा प्रश्न आमच्यापैकी एकालाही सुचला नाही.

बिनोदबाबू शिकले आणि १९२५ साली तिथेच शिक्षक झाले. १९३७-३८ मध्ये ते जपानला जाऊन आले. या प्रवासाचे महत्त्व मला फार वाटते. जपानी चित्रकार लांबच लांब गुंडाळीवर चित्र काढत. ते चित्र एका नजरेत दिसत नाही. हाताने थोडे उलगडायचे, थोडे गुंडाळायचे, आणि डोळ्यांनी त्यातून चालत जायचे. ज्याला दूरचे दिसत नाही त्याला सारे जग असेच तुकड्यातुकड्याने भेटत असणार. बिनोदबाबूंना ही रीत परकी वाटली नसावी.

१९४० साली त्यांनी कलाभवनच्या वसतिगृहातील छत रंगवले. मधोमध तळे, आणि तळ्याभोवती बीरभूमचे खेडे. झाडे, घरे, गुरे, कामाला लागलेली माणसे. देव नाहीत, राजे नाहीत. या चित्राला वरची बाजू आणि खालची बाजू अशी नाहीच. खाटेवर ज्या दिशेला डोके करून पडावे त्या दिशेने ते सुरू होते. त्याच वर्षी कलकत्त्याहून एक उंच मुलगा तिथे शिकायला आला आणि त्या छताखाली पोहोचला. त्याचे नाव सत्यजित राय. शांतिनिकेतनातील बिनोदबाबूंच्या कलेशी आपली पहिली भेट या छतामुळेच झाली, हे त्यांनी पुढे लिहून ठेवले आहे. १९४२ मध्ये शिक्षण अर्धवट सोडून ते कलकत्त्याला परतले, १९४३ मध्ये एका जाहिरात कंपनीच्या ऑफिसात नोकरीला लागले, आणि पुढचे सर्वांना माहीत आहे. छत पाहिले म्हणून ते मोठे झाले असे म्हणणे बालिशपणाचे होईल. पण साधे तळे आणि साधी माणसे हाही चित्राचा विषय होऊ शकतो, हे त्या वयात झोपण्यापूर्वी डोळ्यांसमोर असणे काही कमी नव्हे.

१९४२ साली चीना भवनात त्यांनी शांतिनिकेतनातील रोजचे जीवन रंगवले. त्यावर मी फार लिहीत नाही, कारण मला लवकर हिंदी भवनाकडे यायचे आहे.

१९४६-४७ या दोन वर्षांत हिंदी भवनाच्या तीन भिंतींच्या वरच्या भागावर त्यांनी मध्ययुगीन संतांचे चित्र काढले. रामानुजांपासून गुरू गोविंदसिंगांपर्यंत संतांची मालिका. त्यात कबीर आहेत, तुलसीदास आहेत, सूरदास आहेत. जवळजवळ आंधळ्या चित्रकाराने आंधळ्या संतकवीला भिंतीवर आणले, हे लक्षात आल्यावर अंगावर काटा येतो. हे संत सिंहासनावर बसलेले नाहीत. भोवती माणसांची गर्दी आहे आणि ती नदीसारखी भिंतीवरून वाहात जाते. बंगालमध्ये त्याच काळात दंगलींनी माणसे मरत होती. अशा वेळी कबीर रंगवायला घेणे ही गोष्ट साधी नव्हती.

कामाची पद्धत ऐकण्यासारखी आहे. चुन्याचा गिलावा ओला असतानाच त्यावर पाण्यात कालवलेला रंग लावायचा. गिलावा वाळताना रंग चुन्यात पक्का बसतो. त्या दिवशी रंगवून होईल तेवढाच गिलावा करायचा. खोडरबर नाही. चुकले तर गिलावा खरवडून काढून पुन्हा सुरुवात. माझे वडील गवंड्याच्या हाताखाली काम करतात. त्यांना मी हे वाचून दाखवले तेव्हा चित्रापेक्षा या गोष्टीचेच त्यांना नवल वाटले. ओला गिलावा कुणासाठी थांबत नाही, हे त्यांच्याइतके कोण जाणणार? पुढे मोठे चित्रकार झालेले के. जी. सुब्रमण्यन हे तेव्हा विद्यार्थी म्हणून मदतीला होते. भिंतीच्या मापाचा आराखडा आधी न काढता बिनोदबाबूंनी थेट भिंतीवर रेषा ओढल्या. दूर उभे राहून सबंध भिंत पाहणे त्यांना शक्यच नव्हते. सगळी भिंत त्यांनी मनात धरून ठेवली होती.

हिंदी भवनाचे प्रमुख होते हजारीप्रसाद द्विवेदी. कबीरांवर आणि सूरदासांवर ग्रंथ लिहिणारे हे विद्वान. ज्या संतांचा अभ्यास तिथे खाली बसून चाले तेच संत वर भिंतीवर चालत होते. ऑफिसात चित्र लावले की कामे भराभर होतात, असा माझा मुळीच दावा नाही. पण पुस्तकातून मान वर केली तर कॅलेंडर दिसणे आणि कबीर दिसणे यात फरक आहे, एवढे प्राध्यापक मंडळीही मान्य करतील.

१९४९ साली बिनोदबाबूंनी शांतिनिकेतन सोडले. काठमांडूचे सरकारी संग्रहालय, राजस्थानातील वनस्थली, मग मसुरी, अशी भटकंती झाली. पत्नी लीलाताई स्वतः कलावंत होत्या. त्यांची मुलगी मृणालिनी १९४९ मध्ये आपल्या मुंबईत जन्मली आणि पुढे नामांकित शिल्पकार झाली. १९५६-५७ च्या सुमारास डोळ्याची शस्त्रक्रिया फसली आणि होते तेवढेही दिसेनासे झाले. वय त्रेपन्नच्या आसपास.

इथे दुसऱ्या कुणाची कथा संपली असती. बिनोदबाबू १९५८ साली कलाभवनात परतले ते शिक्षक म्हणूनच. संस्थेने त्यांना आधार दिला असे लिहिण्याची पद्धत आहे. मला ते पटत नाही. तिथे त्यांना पुन्हा काम मिळाले. कलेचा इतिहास ते शिकवू लागले. न दिसणारी चित्रे आठवणीतून मुलांपुढे उभी करू लागले. हात तर थांबलेच नाहीत. कागद कापून चित्रे केली, मेणाच्या आणि मातीच्या आकृत्या केल्या, बोटांच्या अंदाजाने रेषा काढल्या.

आणि १९७२ साली पुन्हा एक भिंत! कलाभवनच्या इमारतीवर त्यांनी फरशीच्या तुकड्यांचे भित्तिचित्र केले. कागदाचे आकार स्वतः कापायचे, त्यांवरून फरशीचे तुकडे तयार करून घ्यायचे आणि ते एकमेकांशी जुळतात की नाही हे बोटांनी चाचपून पाहायचे. मदतीला माणसे होती, पण कुठला तुकडा कुठे बसेल हे तेच सांगत. सत्यजित राय यांनी त्याच वर्षी आपल्या या गुरूवर ‘द इनर आय’ हा सुमारे वीस मिनिटांचा माहितीपट काढला. छताखाली झोपलेल्या विद्यार्थ्याने असे ऋण फेडले. १९७४ साली बिनोदबाबूंना पद्मविभूषण मिळाले. १९८० साली ते गेले. फरशीच्या त्या भिंतीपुढून कलाभवनची मुले त्यानंतरही रोज ये-जा करीत राहिली.

दिवाळीआधी वडिलांनी आमच्या घराच्या पुढच्या भिंतीला नवा गिलावा केला. चुन्याचाच, कुठूनसा विरी गेलेला चुना आणला होता. हातभर जागा ओली होती तेव्हा त्यांनी भावाला हाक मारली आणि गेरूची वाटी त्याच्यापुढे ठेवली. त्याने आधी तळहात फिरवून भिंत पाहिली, मग नाक टेकेल इतका जवळ गेला. बैलाचे एक शिंग काढून झाल्यावर त्याने मागे न पाहताच पुढच्या हातभर गिलाव्यासाठी वडिलांना खूण केली, आणि वडिलांनी घमेले उचलले.