लुई पाश्चर आणि न दिसणारा विषाणू

लुई पाश्चर (१८२२–१८९५) हे फ्रान्समधले रसायनशास्त्रज्ञ. ते डॉक्टर नव्हते. १८६८ मध्ये पक्षाघाताने त्यांची डावी बाजू अधू झाली, तरी संशोधन सुरूच राहिले.

रेबीजचा जंतू मात्र त्यांना सूक्ष्मदर्शकाखाली सापडेना. कारण रेबीज विषाणूमुळे होतो. विषाणू जिवाणूपेक्षा खूपच लहान असतो आणि जिवंत पेशीतच वाढतो. पाश्चर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो सशांच्या शरीरात वाढवला, मग त्या सशांचे मज्जारज्जू सुकवून त्याला दुबळे केले. ६ जुलै १८८५ रोजी, पिसाळलेला कुत्रा चावलेल्या नऊ वर्षांच्या जोसेफ मायस्टरला एका डॉक्टरांच्या हातून ही लस देणे सुरू झाले. मुलगा वाचला.

चाव्यानंतर दिलेली लस उपयोगी कशी पडते? हा विषाणू नसांमधून हळूहळू मेंदूकडे सरकतो. तो तिथे पोहोचण्याआधी लस शरीराची प्रतिकारशक्ती तयार करते. लक्षणे दिसू लागल्यावर मात्र लसीचा उपयोग होत नाही.

म्हणून कुत्रा चावल्यास जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवा आणि लगेच दवाखाना गाठा. आजची लस पोटात नव्हे, दंडावर देतात. घाबरू नका, पण थांबूही नका.