रॉबर्ट हुक : स्प्रिंगचा हिशोब मांडणारा शास्त्रज्ञ



विज्ञानाच्या पुस्तकात हुकचा नियम एका ओळीत उरकतो. त्यामागचा माणूस मुलांना कुणी सांगतच नाही, म्हणून आज त्याच्याविषयी माहिती पाहू.

रॉबर्ट हुक यांचा जन्म 18 जुलै 1635 रोजी इंग्लंडच्या आईल ऑफ वाईट या बेटावर झाला. पोरगं सतत आजारी, त्यामुळे धड शिक्षण होईना. पण हात भारी! एक पितळी घड्याळ खोललेलं बघून त्यानं तसंच लाकडाचं बनवलं, आणि ते चाललंही. तेराव्या वर्षी वडील गेले. मग लंडन, ऑक्सफर्ड, आणि 1662 मध्ये रॉयल सोसायटीत प्रयोग करून दाखवण्याची नोकरी. 1665 च्या पुस्तकात बुचाच्या कापातल्या कप्प्यांना त्यांनी 'सेल' नाव दिलं, हे तुम्हाला माहीत असेलच.

खरं भांडण झालं ते 1675 ला. हायगेन्स यांनी स्प्रिंगचं घड्याळ जाहीर केलं आणि हुक चिडले. ती कल्पना आपली, कितीतरी वर्षं आधीची, असं त्यांचं म्हणणं. श्रेय पुन्हा जाऊ नये म्हणून 1676 मध्ये त्यांनी आपला नियम अक्षरांची उलटापालट करून, कोड्यासारखा छापला. उत्तर दिलं 1678 मध्ये: स्प्रिंग जितक्या पट ताणाल, तितक्या पट बल.

त्याच पुस्तकात पुढची गंमत आहे, आणि माझ्या मते तीच मोठी. ताणासोबत बल वाढतं, म्हणजे आलेख त्रिकोणी. सगळ्या बलांची बेरीज म्हणजे त्रिकोणाचं क्षेत्रफळ, आणि वेग त्याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात! ऊर्जा अक्षय्यतेचा नियम तर 1840 च्या दशकात आला.

करून बघा. स्थिरांक 200 न्यूटन प्रति मीटर, ताण 10 सेंमी. साठलेली ऊर्जा अर्धा गुणिले 200 गुणिले 0.1 चा वर्ग, म्हणजे 1 ज्यूल. गुळगुळीत पाटावर 2 किलोचं वजन जोडून सोडलं, तर मूळ जागी येताना तीच 1 ज्यूल गतिज ऊर्जा होते, म्हणून वेग 1 मीटर प्रति सेकंद. बल सारखं बदलतं, तरी मधल्या प्रत्येक क्षणाचा हिशोब करावा लागत नाही. आपल्या संभाजीनगरच्या पाणचक्कीत सहल नेली की हेच दाखवता येतं. तिथं स्प्रिंगऐवजी उंचावरचं पाणी.

हुक 3 मार्च 1703 रोजी लंडनमध्ये वारले. त्यांचं खात्रीशीर चित्र एकही उरलेलं नाही. तेव्हा तक्त्यावर फोटो चिकटवू नका, जुन्या पेनातली स्प्रिंग लटकवा.