बंदुकीकडून दुर्बिणीकडे : पक्षितज्ज्ञ सालिम अली

भारतातील पक्ष्यांना वाचविण्यासाठी ज्यांनी आयुष्य वेचले, त्या डॉ. सालिम अली यांची पक्ष्यांशी पहिली ओळख बंदुकीच्या नळीतूनच झाली. ही ओळख घडली ती गिरगावातील खेतवाडीत.

सालिम मोईझुद्दिन अब्दुल अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. वडील ते वर्षाचे असताना गेले आणि तिसऱ्या वर्षी आईचेही छत्र हरपले. पोरक्या झालेल्या या भावंडांचा सांभाळ मामा अमिरुद्दिन तय्यबजी व मामी हमीदा बेगम यांनी खेतवाडीतील घरी केला. मामा नावाजलेले शिकारी. त्या काळी सुखवस्तू घरांमध्ये शिकार हा प्रतिष्ठेचा छंद मानला जाई. मामांनी भाच्याला खेळण्यातील एअरगन दिली आणि मोठा शिकारी होण्याची स्वप्ने तो पाहू लागला. चिमण्या हे त्याचे पहिले लक्ष्य. मात्र हा मुलगा केवळ नेम धरून थांबत नव्हता. घरट्याजवळ बसलेला नर टिपला की मादी दुसरा नर आणते, हे त्याने पाहिले. सात दिवसांत असे आठ नर टिपल्याची त्याने केलेली नोंद पुढे कित्येक दशकांनी प्रसिद्ध झाली.

एके दिवशी टिपलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. मामांनाही ती ओळखता येईना. त्यांनी भाच्याला चिठ्ठी देऊन बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्याकडे पाठविले. १८८३ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेच्या आठ संस्थापकांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोन मराठी डॉक्टर होते. मिलार्ड यांनी ती पिवळ्या गळ्याची रानचिमणी असल्याचे सांगितले, पेंढा भरलेल्या पक्ष्यांचा संग्रह दाखविला आणि वाचायला पुस्तकेही दिली. पक्ष्याचे कातडे काढून जतन करण्याचे शिक्षण या मुलाला तेथेच मिळाले.

शिकाऱ्याची बंदूक आणि संशोधकाची बंदूक यांतील फरक येथून सुरू होतो. रायफलच्या काडतुसात एकच गोळी असते. ती मोठे जनावर लोळवते, पण लहान पक्ष्याच्या चिंधड्या उडवील. म्हणून पक्षिसंग्राहक अत्यंत बारीक छरे आणि बेताची दारू भरलेली काडतुसे वापरीत. पिसे शाबूत राहावीत आणि रक्ताचे डाग पडू नयेत, हा त्यामागील हेतू. टिपलेल्या पक्ष्याचे कातडे सोडवून त्याला आर्सेनिकयुक्त साबण लावला जाई. मग ठिकाण, तारीख, नर की मादी हे लिहिलेली चिठ्ठी पायाला बांधली जाई. ही चिठ्ठी नसेल तर पक्ष्याचा जीव फुकट गेला, असे समजले जाई. पोटजातींमधील सूक्ष्म भेद तेव्हा पक्षी हातात घेऊनच ठरविता येत असत.

१९१३ मध्ये मॅट्रिक झाल्यावर सालिम अली ब्रह्मदेशात भावाच्या व्यवसायात गेले. पण व्यवसायापेक्षा रानातच अधिक रमले. १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स वस्तुसंग्रहालयात त्यांना गाइड-लेक्चररची नोकरी मिळाली. पुढे बर्लिनमध्ये प्रा. एर्विन स्ट्रेझेमान यांच्याकडे शिक्षण घेऊन १९३० मध्ये ते परतले, तेव्हा ते पदच रद्द झाले होते. बेकारीच्या त्या दिवसांत अलिबागजवळच्या किहीम येथे राहून त्यांनी सुगरण पक्ष्याचा अभ्यास केला. नर घरटे अर्धे विणतो, मादीने ते पसंत केल्यावर पूर्ण करतो आणि नंतर दुसऱ्या मादीसाठी नवे घरटे बांधायला घेतो, हे त्यांनी महिनोन् महिने निरीक्षण करून दाखवून दिले. या कामाला काडतुसाची गरजच पडली नाही.

त्यानंतर हैदराबाद, त्रावणकोर-कोचीन आदी संस्थानांत त्यांनी केवळ खर्च घेऊन, मानधनाविना पक्षिगणना केली. या प्रवासांत पत्नी तहमिना यांची मोलाची साथ लाभली. १९३९ मध्ये त्यांचे निधन झाले, हा सालिम अलींना बसलेला मोठा आघात होता.

बंदुकीचा दुसरा चेहराही त्यांच्या काळाने पाहिला. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी भरतपूरच्या पाणथळीत व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारमेळ्यात एका दिवसात ४२७३ पक्षी मारले गेले. योगायोग असा, की तो सालिम अलींचा बेचाळिसावा वाढदिवस होता. स्वातंत्र्यानंतर हीच पाणथळ शेतीसाठी आटविण्याची मागणी झाली, तेव्हा त्यांनी पंडित नेहरूंकडे धाव घेतली. ती वाचली आणि १९८५ मध्ये जागतिक वारसा ठरली.

तरीही आपल्या बंदुकीबद्दल त्यांनी कधी सारवासारव केली नाही. शास्त्रासाठी मोजके नमुने घेणे आवश्यकच आहे, या मतावर ते ठाम राहिले. या भूमिकेवर टीकाही झाली. मात्र १९४१ चे त्यांचे भारतीय पक्ष्यांवरील पुस्तक आणि डिलन रिप्ली यांच्यासह लिहिलेला दहा खंडांचा ग्रंथ अशा संग्रहांच्याच आधारावर उभा आहे, हे विसरता येत नाही. ते पुस्तक हाती घेऊन पक्षी पाहणाऱ्या पिढ्यांना मात्र बंदूक उचलावी लागली नाही.

१९७६ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले आणि १९८५ मध्ये राज्यसभेवर नियुक्ती झाली. २० जून १९८७ रोजी मुंबईत त्यांची प्राणज्योत मालवली. त्यांनी आत्मचरित्राच्या शीर्षकातही स्थान दिले ते एका कोसळलेल्या चिमणीलाच.