टायर बदलताय? आधी चार्ल्स गुडइयरची गोष्ट वाचा

बाबांच्या गाडीचा एक टायर पार गुळगुळीत झाला होता. डिकीतली स्टेपनी मात्र कोरी दिसत होती, नक्षी पूर्ण शाबूत. तीच लावून घाटात जायचा माझा बेत होता. मग तिच्यावरचे चार आकडे वाचले: १४१२. म्हणजे २०१२ सालचा चौदावा आठवडा! बेत रद्द. न वापरताही रबर म्हातारं होतं. असं का होतं, हे चार्ल्स गुडइयरच्या आयुष्यातून छान कळतं.

त्याचा जन्म १८०० सालचा, अमेरिकेतल्या न्यू हेवनचा. लोखंडी सामानाचा धंदा बुडाला आणि कर्जापायी त्याला तुरुंगातही जावं लागलं. १८३४ च्या सुमारास त्याला रबराने झपाटलं. तेव्हाचं रबर उन्हाळ्यात चिकट व्हायचं आणि थंडीत तडकायचं. गुडइयर घरातच प्रयोग करत बसायचा आणि पैशांसाठी घरातल्या वस्तू विकायचा. नायट्रिक ॲसिडने रबराचा चिकटपणा जातो असं दिसलं, तेव्हा त्याने सरकारकडून टपालाच्या पिशव्यांची ऑर्डर मिळवली. पण गरम हवेत पिशव्यांचा लगदा झाला. सुधारला होता तो फक्त वरचा थर. आतलं रबर होतं तसंच होतं.

रबरात गंधक मिसळायची कल्पना त्याने नॅथॅनिएल हेवर्डकडून घेतली. १८३९ मध्ये असा एक तुकडा तापलेल्या शेगडीला लागला आणि वितळण्याऐवजी चामड्यासारखा चिवट झाला. रबराचे लांबलचक रेणू सुटे असतात. उष्णतेत गंधक त्यांच्यामध्ये पूल बांधतं आणि एक घट्ट जाळं तयार होतं. यालाच व्हल्कनायझेशन म्हणतात. १८४४ मध्ये त्याला पेटंट मिळालं, पण पुढची वर्षं कोर्टकचेऱ्यांत गेली. १८६० मध्ये तो वारला तेव्हा डोक्यावर सुमारे दोन लाख डॉलरचं कर्ज होतं. मोटारगाडी त्याने कधी पाहिलीच नाही. १८९८ मध्ये निघालेल्या टायर कंपनीने त्याचं फक्त नाव घेतलं.

आता आपल्या टायरकडे या. ते गंधकाचं जाळं कायमचं नसतं. ऊन, उष्णता, ऑक्सिजन आणि ओझोन यांमुळे रबर हळूहळू कडक होतं, बारीक भेगा पडतात आणि पकड कमी होते. माझी स्टेपनी त्या टपालाच्या पिशव्यांसारखीच होती, वरून झकास!

म्हणून नवे टायर घेताना एवढं बघाच:

- माप, भार आणि वेगाचा कोड गाडीच्या मॅन्युअलशी जुळवा. १८५/६५ आर१५ ८८एच मध्ये ८८ म्हणजे एका टायरवर ५६० किलो आणि एच म्हणजे ताशी २१० किमी, ही कमाल मर्यादा.
- डीओटी कोडचे शेवटचे चार आकडे वाचा: आधी आठवडा, मग वर्ष. बऱ्याचदा ते टायरच्या एकाच बाजूला असतात, म्हणून मोबाइलचा टॉर्च लावून आतली बाजूही बघा.
- नक्षी १.६ मिमीवर आली की टायर बाद. दहा वर्षं झाली, तर नक्षी कितीही चांगली असली तरी बाद.
- दोनच नवे घेणार असाल, तर ते मागच्या चाकांना लावा. ओल्या रस्त्यावर मागची बाजू घसरली की गाडी सावरणं फार अवघड जातं.

मी शेवटी स्टेपनीही बदलली. तुमच्या स्टेपनीवर कोणते चार आकडे आहेत? आजच डिकी उघडून बघा.