पेरलेला मोती

आमच्या माहेरी मोत्यांचे दोनच प्रकार. एक खरे आणि दुसरे कल्चर. खरे म्हणजे आजीच्या नथीतले, बसऱ्याचे. आजीनंतर ती नथ आईकडे आली. गौरीला, मंगळागौरीला, कुणाच्या लग्नमुंजीला ती डबीतून बाहेर निघते आणि काम झालं की पुन्हा मऊ कापडात गुंडाळून डबीत जाते. बाकी तुळशीबागेतले असोत नाहीतर लक्ष्मी रोडवरच्या चांगल्या पेढीतले असोत, आई त्यांना एकाच मापानं मोजायची. कल्चर म्हणजे खोटे!

मैत्रिणींनो, आईचं हे मत बदललं ते एका जपानी माणसामुळे. तो माणूस जाऊन आता सत्तर वर्षं होऊन गेली. आज त्याचीच गोष्ट सांगणार आहे.

माझी धाकटी बहीण आणि तिचे यजमान नोकरीमुळे जपानमध्ये नागोयाला राहतात. लग्नाला दहा वर्षं झाली, मूल नाही. डॉक्टर झाले, औषधं झाली, आईचे नवससायासही झाले. शेवटी दोघांनी मूल दत्तक घ्यायचं ठरवलं. बहिणीनं ते फोनवर सांगितलं तेव्हा आई एवढंच म्हणाली की रक्ताचं ते रक्ताचं, आणि फोन माझ्या हातात दिला. मी संस्थेच्या कामात इतरांच्या घरी जाऊन याच विषयावर बोलत असते, बायकांना समजावत असते. पण खरं सांगते, स्वतःच्या आईपुढे माझी वाचा बसली. आपल्याच घरात बोलायची वेळ आली की सगळी भाषणं विसरायला होतात. तिकीट आधीच काढलेलं होतं म्हणून आई माझ्याबरोबर नागोयाला आली. तोंडानं नाही म्हणाली नाही, पण त्या विषयावर अक्षरही बोलेना.

अशात एका रविवारी बहिणीनं आम्हाला तोबाला नेलं. नागोयाहून आगगाडीनं पावणेदोन तासांच्या आसपास लागतात. समुद्राकाठचं छोटंसं शहर, समोर बेटंच बेटं. हवेला आपल्या रत्नागिरी-मालवणसारखा मासळीचा वास. दुकानांच्या दारात शेगड्या मांडलेल्या आणि त्यावर शिंपल्यासकट कालवं भाजत ठेवलेली. इथली मोठी कोळंबी आणि कालवं साऱ्या जपानात नावाजलेली आहेत. आम्ही शाकाहारी, त्यामुळे नुसता वास घेऊन पुढे गेलो. आईनं तर पदर नाकालाच लावला होता. स्टेशनजवळून एक पूल ओलांडला की लहानसं बेट लागतं. त्याचं आताचं नाव मिकिमोतो मोती बेट. ज्याच्या नावानं ते ओळखलं जातं तो कोकिची मिकिमोतो याच तोबा गावचा.

कोकिचीचा जन्म 1858 सालचा. हे साल वाचलं आणि मी थबकलेच. आपले महर्षी धोंडो केशव कर्वेही 1858 चेच! एक कोकणच्या किनाऱ्यावरचा, दुसरा जपानच्या. दोघंही गरिबीतून वर आले आणि दोघांनीही नव्वदी ओलांडली. आणि जपानचं ऋण तर आपल्या कर्व्यांवरही आहे. टोकियोच्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका वाचून त्यांनी 1916 साली आपल्या पुण्यात महिला विद्यापीठ सुरू केलं. पुढे जगप्रवासाला गेले तेव्हा ते जपानलाही जाऊन आले. असो. कर्व्यांची गोष्ट आपल्याला पाठ आहे, आज कोकिचीची ऐकू या.

त्याच्या वडिलांचं उदोनचं दुकान होतं. उदोन म्हणजे गव्हाच्या पिठाच्या जाड शेवया, गरम रश्शातल्या. कोकिची घरातला थोरला मुलगा. शेवयांच्या धंद्यात घर भागत नव्हतं, म्हणून तेराव्या वर्षीच शाळा सुटली आणि तो भाजी विकू लागला. एकदा बंदरात इंग्रजांचं जहाज आलं. भाजीवाल्यांची झुंबड उडाली, पण खलाशी कुणाला वर घेईनात. या पोरानं काय करावं? आपल्या होडीत पाठीवर आडवा झाला आणि पायांवर वस्तू नाचवण्याची कसरत करून दाखवू लागला. खलाशी हसले, त्याला वर बोलावलं आणि त्याची भाजी खपली. पुढे जगभर मोती विकताना हाच गुण त्याच्या कामी आला.

विशीत तो टोकियो-योकोहामा पाहून आला. तिथे त्यानं पाहिलं की आपल्या गावच्या समुद्रातल्या मोत्यांना परदेशी व्यापारी चांगला भाव देतात. पण दुसरी गोष्टही त्याच्या लक्षात आली. मोत्यांच्या लोभानं लोक समुद्र ओरबाडून काढत होते, शिंपले संपत चालले होते. हजारभर शिंपले फोडावेत तेव्हा कुठे एखादा बरा मोती मिळायचा. असंच चाललं तर काही वर्षांनी शिंपलेही राहणार नाहीत आणि मोतीही. म्हणून 1888 साली त्यानं शिंपले पाळायला सुरुवात केली. शेतकरी बी जपतो, तसंच हे. पुढे टोकियोच्या विद्यापीठातल्या मित्सुकुरी नावाच्या प्राध्यापकांनी त्याला सांगितलं की शिंपल्याच्या पोटात बाहेरची वस्तू गेली, तर तिच्याभोवती मोती धरू शकतो. झालं, त्यानं तोच ध्यास घेतला.

काच, शिसं, मातीचे मणी, काय काय घालून पाहिलं! कधी शिंपला तो मणी बाहेर टाकून द्यायचा, कधी स्वतःच मरायचा. वाचले तर तारामासे आणि अष्टपाद खायला टपलेले. वर कर्ज वाढत चाललेलं. गावातले लोक त्याला वेडा म्हणत. या सगळ्यात त्याच्या पाठीशी उभी होती त्याची बायको उमे. ती सामुराई घराण्यातली. 1881 साली लग्न होऊन शेवयांच्या दुकानदाराच्या घरी आली. मुलांचं, घराचं आणि देणेकऱ्यांचं पाहता पाहता ती नवऱ्याबरोबर शिंपल्यांच्या कामातही उतरली.

1892 साली समुद्राला लाल भरती आली. समुद्रातले सूक्ष्म जीव अफाट वाढतात, पाणी लालसर होतं आणि त्यातला प्राणवायू कमी होऊन शिंपले गुदमरतात. आगो नावाच्या खाडीतला त्याचा सगळा माल गेला. उरले होते फक्त तोबासमोरच्या या लहानशा बेटाजवळ ठेवलेले थोडे शिंपले. 11 जुलै 1893 या दिवशी ते उघडून बघताना एकात मोती दिसला. पूर्ण गोल नव्हता, शिंपल्याला चिकटलेला अर्धगोल होता. पण होता मोतीच! आम्ही उभ्या होतो त्याच बेटावरची ही घटना.

अर्धगोल मोत्याचं पेटंट 1896 साली मिळालं आणि त्याच वर्षी उमे गेली. वय अवघं बत्तीस. मागे पाच मुलं. संग्रहालयात हे ऐकताना आई पहिल्यांदा काहीतरी बोलली. बिचारीनं कष्ट उपसले आणि सुखाच्या वेळी गेली, असं म्हणून तिनं डोळ्यांना पदर लावला. मला वाटतं, त्या दिवशी आई त्या घरात शिरली ती उमेच्या दारानं.

त्यानं 1899 साली टोकियोच्या गिंझा भागात दुकान काढलं. पण मनात पूर्ण गोल मोतीच होता. 1905 साली पुन्हा लाल भरती आली आणि साडेआठ लाख शिंपले मेले. दुसरा कुणी असता तर डोक्याला हात लावून बसला असता. यानं ते कुजलेले, घाण वास मारणारे शिंपले एकेक करून उघडले. त्या ढिगात पाच गोल मोती निघाले. म्हणजे हे होऊ शकतं! त्याच वर्षी सम्राट मेइजी जवळच्या इसे इथल्या देवस्थानाला आले असताना, जगातल्या सगळ्या स्त्रियांच्या गळ्यात मोती घालीन असं याने त्यांच्यापुढे बोलून दाखवलं, असं सांगतात.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. गोल मोत्याची खरी युक्ती शोधण्यात मिसे आणि निशिकावा या दोघांचाही मोठा वाटा आहे. त्यातले निशिकावा तर कोकिचीचे जावई. ही युक्ती अशी. गोड्या पाण्यातल्या जाड शिंपल्यापासून केलेला मणी घ्यायचा, दुसऱ्या कालवाच्या आतल्या पडद्याचा बारीकसा तुकडा घ्यायचा आणि दोन्ही मिळून मोत्याच्या शिंपल्यात ठेवायचे. तो तुकडा मण्याभोवती पिशवीसारखा वाढतो आणि मण्यावर चकाकीचे थरावर थर चढत जातात. माणूस पेरतो एवढंच, पुढचं सगळं शिंपल्याचं काम.

आणि बायकांचंही! तोबाच्या किनाऱ्यावर आमा नावाच्या पाणबुड्या बायका शेकडो वर्षांपासून समुद्रात उतरतात. पाठीवर नळकांडं नाही, नुसता श्वास रोखून. वर आल्या की शिट्टीसारखा लांब आवाज काढत श्वास सोडतात. कोकिचीचे शिंपले तळातून वेचून आणायचे, मणी घातलेले पुन्हा तळाशी नीट मांडायचे, लाल भरती किंवा वादळ आलं की सुरक्षित जागी हलवायचे, हे सगळं या बायका करत. त्यांच्यावाचून त्याचा धंदा उभाच राहिला नसता. आता या कामाला त्यांची गरज उरलेली नाही, पण बेटावर पांढऱ्या वेषात त्या बुडी मारून दाखवतात. त्यांच्या डोक्याच्या फडक्यावर एक चांदणी काढलेली असते. हात न उचलता काढायची, जिथून सुरू केली तिथेच येऊन संपणारी. गेलेली बाई सुखरूप परत यावी म्हणून. आपण दारात रांगोळी काढतो ना, तसाच हा भाव.

मोती युरोपात पोचले तशी खरी लढाई सुरू झाली. 1921 च्या सुमारास लंडन-पॅरिसच्या जवाहिऱ्यांनी ओरड केली की हे मोती खोटे आहेत, ही फसवणूक आहे. अगदी आमच्या आईचंच म्हणणं! प्रकरण पॅरिसच्या न्यायालयात गेलं आणि 1924 साली निकाल कोकिचीच्या बाजूनं लागला. 1927 साली तो अमेरिकेत एडिसनला भेटला. प्रयोगशाळेत मला जे जमलं नाही ते तुम्ही केलंत आणि हा मोती खराच आहे, अशा अर्थाचं एडिसन त्याला म्हणाला. तरी स्वस्त, हिणकस माल बाजारात येऊन नाव खराब होऊ लागलं, तेव्हा 1932 साली कोकिचीनं कोबे शहरात वाईट मोत्यांचे ढीग चारचौघांसमोर आगीत टाकले. मोती पेरलेला असला तरी चालेल, पण वाढवण्यात कसूर नको, असा त्याचा बाणा होता.

या यशाला दुसरी बाजूही आहे. जागतिक मंदी आणि जपानी मोती एकदम आले, आणि 1930 नंतर इराणी आखातातला मोत्यांचा धंदा बसला. बहारीन, कुवेतकडच्या हजारो पाणबुड्यांचं पोट त्यावर होतं. तो माल मुंबईच्या बाजारात यायचा आणि बसरा मोती म्हणून आपल्या नथींत बसायचा. आजीच्या नथीतले मोती तेव्हाचेच. एकाच्या भरभराटीत दुसऱ्याचं घर बसतं, हेही विसरून चालत नाही.

महायुद्धात मोत्यांचं काम बंद पडलं. युद्ध संपलं तेव्हा कोकिची सत्त्याऐंशीचा होता. त्यानं पुन्हा सुरुवात केली! 1954 साली, शहाण्णवाव्या वर्षी तो गेला.

हे सगळं बहीण आईला मराठीत सांगत होती. शेवटी आईनं संग्रहालयातल्या मुलीला एक प्रश्न विचारायला लावला. मणी दुसऱ्याचा आहे हे शिंपल्याला कळत असेल का? ती मुलगी हसली आणि म्हणाली की कळत असेल किंवा नसेलही, पण चकाकी तो स्वतःचीच देतो.

परतीच्या गाडीत आई बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती. मग बहिणीला म्हणाली की बाळ आलं की बारसं मात्र पुण्यालाच करायचं, आणि पाळण्यात मी घालणार. बहीण रडायलाच लागली. मीही दुसऱ्या खिडकीकडे वळले.

कागदपत्रं, तपासण्या, वाट पाहणं, सगळं रीतसर झालं आणि बाळ घरी आलं. बारशाच्या आधी आईनं नथ काढली तर त्यातला एक मोती निखळून हरवलेला. लक्ष्मी रोडवरच्या सोनारानं तोबाहून आणलेल्या मोत्यांतला एक तिथे बसवला. नीट पाहिलं तर तो ओळखू येतो, इतरांपेक्षा जरा पांढरा आणि जास्त गोल आहे. बारशाला कुणी विचारलंच तर आई लपवत नव्हती. हा जपानचा, म्हणायची, आणि मांडीवरच्या नातीच्या मुठीतून नथ सोडवून घ्यायची.